फेल्टचे दोन थर

४ मार्च

दादा,

मायना काय लिहावा यात दोन कागद फुकट गेले. तीर्थरूप लिहिलं तर तू हसशील, प्रिय लिहिलं तर मीच हसेन. तेव्हा नुसतं दादा. नऊ वर्षांनी माझं पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे खुशाल आहेत. सगळे म्हणजे बाबा आणि मी.

तुझा पत्ता रबरी नळ्या विकणाऱ्याकडून मिळाला. तो तुझ्याकडेही माल टाकतो म्हणे. तू एका मोठ्या गोठ्यावर दूध काढायच्या यंत्रांचे पंप सांभाळतोस, हेही त्यानंच सांगितलं. म्हणजे धंदा तोच, हवा ओढायचा. फक्त पुढे पियानोऐवजी गाय. बरंय, गाय सुरात नाही म्हणून कुणी तुझ्याकडे तक्रार घेऊन येत नसेल.

काम आहे म्हणून लिहितेय. एक निवृत्त संगीत शिक्षिका आहेत, आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणतो. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. हात थरथरतात, त्यामुळे स्वतः वाजवणं बंद झालंय. पण त्यांच्याकडे आपोआप वाजणारा जुना पियानो आहे आणि कपाटभर छिद्रं पाडलेल्या कागदाच्या गुंडाळ्या. गुडघेही गेल्यामुळे पायानं भाता मारता येत नाही, म्हणून कुणीतरी कधीकाळी आत विजेचा पंप बसवलाय. तो पंप असा घरघरतो की खालच्या मजल्यावरच्या नर्सची झोप उडालीय. तिची ड्यूटी रात्रीची, झोप दिवसाची. मी तिला समजावून सांगितलं, की पंप आतली हवा ओढतो, कागदाला छिद्र आलं की तिथून हवा आत घुसते, तिथला छोटा भाता मिटतो आणि पट्टी दाबली जाते. पंप बंद तर पियानो मुका. ती म्हणाली, "ताई, मला पियानोचा त्रास नाहीच. मला पियानो ऐकूच येत नाही, नुसता पंप येतो."

बोलण्यात तथ्य आहे. तिनं महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय. मग ती सोसायटीकडे जाणार आणि पियानो जिन्यानं खाली येणार. बाई म्हणतात, "तो गेला तर मी दिवसभर काय ऐकू, फ्रिज?"

फेल्ट, कातडं आणि सरस हे माझं काम, म्हणून तर तू मला कात्री म्हणायचास; पंप तुझं. मोटरभोवती लाकडी पेटी करून आतून जाड लोकरीचं फेल्ट लावावं असा विचार आहे. चालेल ना? बाबांना विचारता येत नाही. पंपाचं नाव काढलं की त्यांचा उजवा हात खिशात जातो.

त्या जुन्या गोष्टीबद्दल मी काही लिहिणार नाही. तूही लिहू नकोस. हे पत्र बाबांना माहीत नाही.

कात्री


१३ मार्च

दादा,

तुझं कार्ड मिळालं. "पेटी कर. भोक ठेव. कितीही फुसफुसलं तरी बुजवू नकोस." वर मायना नाही, खाली सही नाही. गाईंच्या संगतीत बोलणं खुंटलं की काय तुझं?

कार्ड दिवसभर एप्रनच्या खिशात होतं आणि मी ते चारदा काढून वाचलं. पेटी कर, ठीक. भोक ठेव, तेही ठीक, बंद पेटीत मोटर तापते एवढं मला कळतं. पण "कितीही फुसफुसलं तरी"? असं तू कुणालाही लिहिलं असतंस, की मुद्दाम मला लिहिलंस? जाऊ दे. उगाच विचारलं.

कामाचं सांगते. आधी पंपाला हातच लावला नाही. बाबांचं म्हणणं तुला पाठ असेल, ओरडणाऱ्याला गप्प करण्याआधी तो का ओरडतोय ते बघा. नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं एकेका सांध्यावरून फिरवलं. सगळीकडून फुसफुस. रबर इतकं कडक झालेलं की नळ्या वाळक्या शेंगांसारख्या कटकन मोडत होत्या. मोठ्या भात्याचं कापड घडीघडीला चिरलेलं. बिचारा पंप पूर्ण जोरात पळत होता, कारण आत जेवढं ओढायचा तेवढं वाटेतच गळायचं. सगळ्या अठ्ठ्याऐंशी नळ्या बदलल्या, भात्याला नवं कापड चढवलं, गरम सरसानं चिकटवलं. आता मोटर निम्म्या वेगानं चालली तरी पुरतं. खाली रबराचे पाय दिले. नर्स म्हणाली, "आधी ट्रक होता, आता स्कूटर आहे."

स्कूटर कोणाच्या उशाला हवी असते? पेटी करावीच लागणार. पेटी करायची म्हटलं की मी फेल्ट मापायला घेते आणि पुन्हा गुंडाळून ठेवते, हे तुला सांगायला हरकत नाही.

कात्री


१९ मार्च

दादा,

दुसरं कार्ड पोचलं. हे तर जवळजवळ बडबड म्हणायचं: "भोकातून हवा सरळ बाहेर सोडू नकोस. आत दोन आडव्या फळ्या टाक, वाट वाकडी कर. हवा वळते, आवाज अडतो." तसंच केलं. वाटेला दोन्ही बाजूंनी फेल्ट लावलं. भोकापुढे हात धरला तर हवा लागते, कान धरला तर काही नाही. एवढी साधी गोष्ट आपल्याला तेव्हा का सुचली नाही?

पहिल्या दिवशी पंप चालू केला आणि तासभर पेटीवर तळहात ठेवून बसले. बाई म्हणाल्या, "अहो, ताप आलेलं मूल आहे का ते?" मी हसले. मध्येच वाटायचं, गरम होतंय, आणि हात झटकन काढायचे. मग कळायचं, तो माझाच घाम होता. तास संपला तेव्हा पेटी कोमट होती, बस. खालून नर्स आली. झोपून ऐकते म्हणाली होती. दारातूनच विचारलं, "चालू केलाच नाहीत का अजून?" बाईंनी टाळ्या वाजवल्या.

इथवर सगळं छान. मग काल बाबा म्हणाले, मलाही ऐकू दे. नाही कसं म्हणणार? मी घेऊन गेले. त्यांचा कान तुला माहीत आहे. खोलीत उभे राहिले, डोळे मिटले आणि म्हणाले, "पंप कुठे आहे?" त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही. मग गुडघ्यावर बसून पेटी बघितली, वाकड्या वाटेत डाव्या हाताचं बोट घालून बघितलं.

"हे कुणी शिकवलं?"

"जुन्या पुस्तकात वाचलं," मी म्हटलं.

"कुठल्या?"

"नाव आठवत नाही."

त्यांनी बोट बाहेर काढून पुसलं. मग बाईंनी विचारलं, हाताला काय झालं हो? आणि बाबांनी सांगितलं. एरवी कुणाला सांगत नाहीत, पण काल सांगितलं. सभागृहातला पियानो, दुपारचा कार्यक्रम, भरलेल्या खुर्च्या. तिसऱ्या गुंडाळीला मागून धूर. लोक दाराकडे पळाले आणि ते पियानोकडे. मागची फळी उचकटून पेटलेल्या पेटीत हात घातला आणि पंप उपटून बाहेर काढला. वितळलेलं रबर हाताला चिकटलं ते चिकटलंच. "माझ्या मुलानं केलेली पेटी होती ती," बाबा म्हणाले. "हवेला भोक ठेवलं नव्हतं. आणि वर तोंड करून सांगत होता, ठेवलं होतं."

बाईंनी विचारलं, "मग नऊ वर्षांत पुन्हा कधी खुलासा केला नाही त्यानं?"

"बोलायला तोंड लागतं."

"मी चाळीस वर्षं पोरं शिकवली," बाई म्हणाल्या. "खोटं बोलणारं पोर इतका वेळ गप्प बसत नाही. ते येऊन आणखी चार गोष्टी सांगतं."

बाबांचा चेहरा मी बघितला नाही. मी हत्यारं पिशवीत भरत होते आणि ती भरून संपतच नव्हती.

कात्री


२५ मार्च

दादा,

आणखी एक गोष्ट तुला सांगायला हवी, बाहेरून कळण्याआधी.

बाबांचं पुस्तक निघतंय. दुरुस्ती करणाऱ्यांचा संघ छापतोय. पन्नास वर्षांचं सगळं काम त्यात आहे, झडपा, भाते, नळ्या, कातडं कसं कापायचं, सरस किती पातळ हवा. हात चालत नाही म्हणून ते सांगतात आणि मी लिहिते. अकरा प्रकरणं झाली. बारावं चुकांचं. वीस एप्रिलला वही छापखान्यात जायचीय.

आज त्यांनी बारावं प्रकरण सांगायला घेतलं. आधी स्वतःच्या चुका सांगितल्या, हसत हसत. मग थांबले. मग म्हणाले, लिही. आणि मी लिहिलं, तुला शब्दन् शब्द देते: "माझ्या मुलानं पंपाच्या पेटीला हवेचं भोक ठेवलं नाही. आवाज लपवण्याच्या हव्यासात मोटर जाळली. विचारल्यावर, ठेवलं होतं असं खोटं सांगितलं. कारागिराची चूक माफ होते, खोटेपणा होत नाही."

"खोटं" हा शब्द मला नीट काढता आला नाही. ते कागदावर वाकले आणि म्हणाले, "पुन्हा लिही. स्पष्ट दिसू दे." पुन्हा लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.

या धंद्यातला प्रत्येक माणूस हे वाचणार. तू कधी परत यायचं म्हटलंस तरी तुला कुणी साधा स्क्रू पिळायला देणार नाही.

आणि मला तुझाच राग येतोय. तू का गप्प बसलास? एकदा "ठेवलं होतं" म्हणालास आणि पुढे काही नाही. भांडायचं होतंस. ओरडायचं होतंस. पिशवी भरलीस आणि चालू लागलास, मग लोकांनी काय समजायचं? आज हे जे छापलं जाणार आहे त्यात तुझ्या गप्प बसण्याचाही वाटा आहे. स्वतःच्या बाजूनं दोन वाक्यं बोलता येत नाहीत, इतका कसला ताठा?

कात्री


२६ मार्च

दादा,

कालचं पत्र फाडून टाक. टपालपेटीत टाकून घरी पोचेपर्यंतच माझी मला लाज वाटायला लागली होती. हे पत्र ठेव.

तू भोक ठेवलं होतंस. मला माहीत आहे, कारण ते मी बुजवलं.

त्या दिवशी सकाळी सभागृहात आपण शेवटची तपासणी करत होतो. बाबा बाहेर गाडीतून गुंडाळ्या उतरवून घेत होते. तू मोटरचा जादा पट्टा आणायला आपल्या कारखान्यात गेलास. मी ती संथ चालीची गुंडाळी लावली. सभागृहाचा व्यवस्थापक पहिल्या रांगेत बसून ऐकत होता. हळू सूर आले की भोकातून फुसफुस ऐकू यायची. तो म्हणाला, "आत साप पाळलाय का?" आणि स्वतःच हसला. मला इतका अपमान वाटला, दादा! आपल्या कामाला साप म्हणतो. पिशवीत हिरवं फेल्ट होतं. भोकाच्या मापाचे दोन तुकडे कापले, एकावर एक ठेवले, कडेनं सरस फिरवला आणि दाबून बसवले. काम किती सुबक झालं होतं म्हणून सांगू. पुन्हा वाजवलं. आवाज शून्य. तो म्हणाला, "वा!"

त्या एका "वा"साठी.

तू परत आलास तेव्हा सांगणार होते. तू पट्टा बसवत होतास, मग लोक यायला लागले, मग कुणीतरी मला खुर्च्या मोजायला पाठवलं. हे सगळं खरं आहे. पण त्या दीड तासात मी तुझ्या शेजारून किमान सहा वेळा गेले, हेही खरं आहे. तू म्हणाला असतास, काढ ते. आणि मला ते काढायचं नव्हतं. एका दुपारपुरतं तर आहे, कार्यक्रम झाला की काढून टाकू, असं मी मनाशी म्हणाले.

मग धूर. मग दवाखाना. त्या लांब पॅसेजमध्ये बाबांनी तुला विचारलं, "भोक ठेवलं होतंस?" तू म्हणालास, "हो." ते म्हणाले, "मग गेलं कुठे?" आणि मी शेजारी मलमपट्ट्यांचं पाकीट हातात धरून उभी होते. तोंडात मिठाची गुळणी धरून. मला वाटलं, फेल्ट जळून गेलंय, आता कुणाला काही दिसायचं नाही. बाबांचा हात सोलून निघालाय आणि माझ्या डोक्यात हे.

पुढे सांगण्याजोगा एकही दिवस नव्हता. आधी बाबांना ताप होता. मग हात बरा होणार नाही असं कळलं, मग तर जीभच उचलेना. मग तू गेलास. मग तू गेलासच आहेस, आता काय सांगायचं, असं झालं. आणि त्याच्याखाली आणखी एक आहे, तेही सांगून टाकते. तू गेल्यावर आठ दिवसांत मी माझं सामान तुझ्या टेबलावर हलवलं. खिडकीजवळ होतं, उजेड चांगला होता. तू असतास तर कारखाना तुझा झाला असता. तू नव्हतास म्हणून माझा झाला. मला तो आवडला, दादा. आजही आवडतो.

आता तू सांगशील ते मी करीन.

कात्री


९ एप्रिल

दादा,

चार पानं! मला वाटलं होतं शिव्या येतील. शिव्या परवडल्या असत्या.

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी दवाखान्यात असताना तू सभागृहात परत गेलास, जळकी पेटी उलटी केलीस आणि भोकाच्या कडेला हिरव्या फेल्टचा नखाएवढा तुकडा सरसाला चिकटलेला बघितलास. तो नखानं खरवडून खिशात टाकलास. माझ्या विरुद्धचा एवढा एकच पुरावा, तो तू चोरलास. आणि नऊ वर्षं मी समजत होते की तो जळाला.

तू लिहितोस: "बाबांना आता भरवणारं माणूस लागणार होतं. पंप-मोटर दुरुस्त करणारा घरात नसला तरी चालणार होतं. बाबांच्या रागात दोघांपैकी कुणीतरी जायचंच होतं." आणि पुढे: "मी तुझ्यामुळे गेलो नाही. बाबांनी मला एकदाच विचारलं आणि उत्तर आवडलं नाही म्हणून ते खोटं ठरवलं. ज्या माणसाबरोबर पंधरा वर्षं काम केलं, त्याच्या तोंडून खोटारडा ऐकल्यावर त्याच्याबरोबर जेवायला बसता येत नाही." हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुझं जिथे दुखलं ते मला कधी समजलंच नव्हतं.

आणि शेवटी तुझा सल्ला. सांगू नकोस. म्हातारपणी त्यांना दुसरा घाव देऊ नकोस. "छापायचं ते छापू दे. गाई वाचत नाहीत."

खरं सांगू? वाचून मला दोन दिवस अगदी हलकं वाटलं. ज्याचं नुकसान केलं त्यानंच माफ केलं, आता आणखी काय हवं? दोन दिवस मी गुणगुणत काम केलं. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "बारावं प्रकरण एकदा वाचून दाखव." मी वाचायला लागले. "खोटं" या शब्दापाशी आले आणि कागद खाली ठेवला. पाणी प्यायच्या निमित्तानं उठले. ते म्हणाले, "राहू दे, तुझा भाऊ आहे शेवटी, तुला वाईट वाटणारच." माझ्या चांगुलपणाचं त्यांना कौतुक वाटलं, दादा.

तुझं औदार्य तुझ्याजवळ ठेव. ते घेऊन मी इथे राहिले तर तू दुसऱ्यांदा घर सोडशील आणि या वेळी माझ्या अक्षरात.

मी काय करणार ते अजून ठरत नाही. वीस तारखेला अकरा दिवस आहेत. भीती वाटते. ते ओरडले तर चालेल. त्यांनी विश्वास ठेवला नाही तर? तुझ्यावर नाही ठेवला.

कात्री


१८ एप्रिल

दादा,

सांगितलं.

समोर बसून सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून लिहिलं. बारावं प्रकरण नव्या कागदावर उतरवलं आणि त्या चार वाक्यांच्या जागी खरं ते लिहिलं: "माझ्या मुलानं पंपाच्या पेटीला हवेचं भोक ठेवलं होतं. माझ्या मुलीनं आवाज लपवण्यासाठी ते फेल्टनं बुजवलं. मुलानं खरं सांगितलं. मुलगी गप्प बसली." मग परवा सकाळी चहा झाल्यावर म्हटलं, प्रकरण वाचते, शेवटची तपासणी. आणि न थांबता वाचलं.

बाबा खिडकीकडे बघत होते. म्हणाले, "पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं.

"हे मी सांगितलेलं नाही."

"नाही. पण झालं ते हे."

मी कागद धरून उभी. मला वाटलं, आता विचारतील, का केलंस? मी त्याचं उत्तर तयार ठेवलं होतं, साप, व्यवस्थापक, अपमान, सगळं.

त्यांनी विचारलं, "किती थर?"

"दोन."

"कुठलं फेल्ट?"

"हिरवं. घट्ट दाबलेलं."

"नुसतं खुपसलं होतंस?"

"नाही. सरस लावला होता. एका दुपारपुरतंच होतं, बाबा. कार्यक्रम झाला की काढणार होते."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. "जे काढायचं असतं त्याला आपण सरस लावत नाही," ते म्हणाले. "हे मी तुला सातव्या वर्षी शिकवलं."

दादा, नऊ वर्षं मी तुझ्याशी, त्यांच्याशी, सगळ्यांशी खोटं वागले, पण एका दुपारपुरतं होतं हे मात्र खरं, असं धरून बसले होते. तुला लिहिलेल्या पत्रातसुद्धा तेच लिहिलं. आणि त्यांनी ते एका वाक्यात काढून घेतलं. ते काढायचा माझा विचार कधीच नव्हता. ते फार सुबक झालं होतं.

मी म्हटलं, "तुम्ही विश्वास ठेवलात?"

"सरस म्हणालीस तेव्हा ठेवला," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, माझ्याशी नव्हे, म्हणाले, "त्यानं एकदाच सांगितलं होतं. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही."

मग खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. काल सकाळी बाहेर आले, वही टेबलावर ठेवली. "तू लिहिलंस तसंच छापखान्यात दे. खाली आणखी एक वाक्य घाल. बापानं दुसऱ्यांदा विचारलं नाही, ही या प्रकरणातली तिसरी चूक." मी घातलं. आजच वही देऊन आले.

तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. ताट सरकवलं की जेवतात. ओरडले नाहीत. मी वाट बघतेय.

कात्री


३० एप्रिल

दादा,

बाबा तुझ्याकडे येतायत. शुक्रवारी दुपारी पावणेचारची बस तुझ्या नाक्यावर थांबते. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच काल सांगितलं, "मला त्याच्याकडे पोचव." मी म्हटलं, "परत कधी?" ते म्हणाले, "त्याला विचारून ठरवीन." इथून मी बसमध्ये बसवून देईन. तिथपर्यंत बरोबर येऊ का विचारलं, नको म्हणाले. बरोबर आहे त्यांचं.

तू नको म्हणशील तर गुरुवारच्या आत कळव. पण म्हणू नकोस.

छापलेल्या प्रती पुढच्या महिन्यात येतील. छापखान्यातून कुजबुज आधीच सुरू झालीय. दोन जुन्या गिऱ्हाइकांनी काम परत नेलं. बाईंनी मात्र निरोप पाठवला, की पेटी मीच केलीय ना, मग तिची देखभालही मीच करायची. त्यांचा पंप मी दर सोमवारी हात लावून बघते. कोमट असतो. तुझं टेबल मी रिकामं केलंय. तू येशील म्हणून नाही, मला तिथे बसवत नाही म्हणून.

आता नीट वाच. बाबांना गरम पाणी डाव्या हातात दे, उजव्याला कढत कळत नाही. पिशवीत तेलाची बाटली आहे, सकाळी पाच मिनिटं बोटं चोळायची, अंगठ्यापासून सुरुवात कर, करंगळीला जोर देऊ नकोस. घास त्यांना स्वतःला घेता येतो, फक्त तुकडे करून द्यावे लागतात, आणि ते तू स्वयंपाकघरातूनच करून आण, ताटात समोर करू नकोस. बस लागली तर लिंबाची गोळी. बसमधून उतरल्यावर ते पहिलं काही बोलणार नाहीत. काय बोलायचं ते गेले दहा दिवस खोलीत एकटेच घोकतायत, मी दाराआडून ऐकलंय, पण तुला बघून सगळं विसरतील. तू घाई करू नकोस. ते विचारतील. या वेळी दुसऱ्यांदाही विचारतील.

शर्टाची बटणं तुला लावावी लागतील. उजव्या बाहीचं सगळ्यात शेवटी लाव, हात आखडतो. आणि लावताना त्या हाताकडे बघ. मी नऊ वर्षं रोज सकाळी ते बटण न बघता लावलं. त्यांना वाटायचं, मी त्यांचा मान राखतेय. एकदा तर शेजाऱ्यांना सांगत होते, पोरगी किती समजूतदार आहे बघा, हाताकडे कधी बघतसुद्धा नाही.

कात्री